कॉम्प्युटर ठणठणीत आहे, फोन खाली ठेवा

तुम्ही कुठल्यातरी जुन्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर शोधत असता. एका लिंकवर क्लिक होतं आणि अख्खा स्क्रीन निळा-लाल होऊन जातो. कर्कश भोंगा वाजू लागतो. यांत्रिक आवाजातली एक बाई इंग्रजीत बजावत राहते: तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे, बँकेचे पासवर्ड आणि फोटो चोरीला जात आहेत, कॉम्प्युटर बंद केलात तर सगळा डेटा जाईल, ताबडतोब या नंबरवर फोन करा. सोबत मायक्रोसॉफ्टचा किंवा ॲपलचा लोगो आणि एक लांबलचक एरर कोड. वरच्या फुलीवर कितीही क्लिक करा, ते जात नाही.

या क्षणी तुमच्या कॉम्प्युटरला काय झालेलं असतं? जवळजवळ नेहमीच, काहीही झालेलं नसतं. व्हायरस नसतो आणि चोरी सुरू झालेली नसते. तुम्ही तो नंबर फिरवलात की मग ती सुरू होते.

ही फसवणूक जुनी आहे आणि ती संपायचं नाव घेत नाही. एफबीआयकडे इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रारी नोंदवणारा आयसी३ नावाचा विभाग आहे. त्याच्या २०२४ च्या अहवालात ‘टेक सपोर्ट’च्या नावाखाली झालेल्या फसवणुकीच्या सुमारे ३६ हजार तक्रारी आहेत आणि गेलेला पैसा आहे १४६ कोटी डॉलर. आदल्या वर्षी हाच आकडा ९२ कोटींच्या आसपास होता. हे फक्त अमेरिकेतल्या यंत्रणेकडे आलेल्या तक्रारींचं गणित. लाजेपोटी गप्प बसलेली माणसं यात नाहीत.

आधी एवढं कळू दे: वेब पान आत बघू शकत नाही

पॉप-अप म्हणजे न मागता समोर उघडणारी खिडकी. आणि ती उघडते ब्राउझरमध्ये, म्हणजे क्रोम, एज, सफारी, फायरफॉक्स यांपैकी ज्या प्रोग्रॅममधून तुम्ही इंटरनेट पाहता त्यात. सगळा लेख या एका गोष्टीवर उभा आहे: तुम्हाला जो ‘इशारा’ दिसतो तो तुमच्या कॉम्प्युटरने दिलेला नसतो, कुठल्यातरी वेबसाइटने पाठवलेलं ते एक पान असतं.

समजा, तुमच्या घराच्या खिडकीच्या काचेवर कोणी बाहेरून एक मोठं चित्र चिकटवलं. चित्रात तुमच्या स्वयंपाकघराला आग लागलेली आहे आणि खाली अग्निशमन दलाचा म्हणून एक नंबर लिहिलाय. चित्र हुबेहूब असलं तरी ते चिकटवणारा घरात आलेला नाही आणि आत काय चाललंय हे त्याला दिसलेलंही नाही. ब्राउझर ही तशी काच आहे, आणि मुद्दाम जाड ठेवलेली. वेब पानाने काय करावं आणि काय करू नये याची त्याला सक्त कुंपणं घातलेली असतात. तुमच्या हार्ड डिस्कवरच्या फाइली परस्पर वाचणं, तिथे व्हायरस शोधणं, सापडले म्हणून मोजून दाखवणं हे कुठल्याही साध्या पानाला जमत नाही.

मग समोर ‘स्कॅनिंग’ चालू असतं, टक्केवारी वाढत असते, फाइलींची नावं भराभर सरकत असतात, ते काय? ॲनिमेशन. तेच स्कॅन तुमच्या शेजाऱ्याच्या स्क्रीनवरही तितक्याच सेकंदांत तितकेच व्हायरस ‘शोधतं’. या पानांचा निष्काळजीपणा कधीकधी करमणूक करतो. मॅकबुकवर किंवा मोबाइलवर विंडोजची ‘सी ड्राइव्ह’ तपासली जात असल्याचं दिसतं. त्या यंत्रात सी ड्राइव्ह नावाचा प्रकारच नसतो.

इथे एक शंका रास्त आहे. ब्राउझरमध्ये कधीकधी सुरक्षेच्या फटी सापडतात आणि त्यांतून खरा व्हायरस आत येऊ शकतो. खरं आहे, म्हणूनच ब्राउझर अपडेट ठेवायचा. पण अशा फटीतून शिरलेला चोर भोंगा वाजवून आपण आल्याची वर्दी देत नाही. त्याला तुमच्या नकळत राहायचं असतं. ढोल वाजवणारा खरा प्रकार एकच, रॅन्समवेअर: फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा. तिथे फाइली खरोखर उघडत नाहीत आणि मागणी बहुधा क्रिप्टोकरन्सीची असते. ‘आमच्या तंत्रज्ञाशी बोला’ असा आपुलकीचा सूर तिथे नसतो.

मग स्क्रीन अडकतो कसा?

चित्र काचेवरून निघतच नाही, म्हणजे आत काहीतरी बिघडलंच असणार, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात ही सगळी ब्राउझरच्याच सोयींची हातचलाखी असते.

व्हिडिओ पूर्ण स्क्रीनभर दिसावा म्हणून ब्राउझरमध्ये सोय आहे. ती वापरण्यासाठी पानाला तुमचा किमान एक क्लिक लागतो. म्हणून पानावर ‘बंद करा’चं खोटं बटण असतं. ते दाबलं की पान स्क्रीनभर पसरतं, वरचा पत्ता आणि टॅब गायब होतात, आणि त्या जागी पत्त्याचं आणि टॅबचं चित्र दाखवलं जातं. तुम्ही फुलीवर क्लिक करत राहता, पण ती फुली चित्रातली असते.

दुसरी युक्ती म्हणजे एक सूचना बंद केली की लगेच दुसरी उघडणं. तिसरी, ब्राउझरला इतकं निरर्थक काम लावणं की तो मंदावतो आणि पंखा जोरात फिरू लागतो. त्या घरघरीने तर खात्रीच पटते. २०१८ मध्ये क्रोमवर एक फारच बेरकी प्रकार सापडला होता. पान माऊसच्या बाणाच्या जागी स्वतःचं चित्र ठेवायचं आणि खरा क्लिक बाणाच्या टोकापासून दूर, भलतीकडेच पडेल अशी व्यवस्था करायचं. माणूस नेमका फुलीवर क्लिक करतोय आणि टॅब बंद होत नाही! क्रोमने ती फट बुजवली. त्यानंतर दुसऱ्या निघाल्या. हे असं चालूच राहणार.

‘कॉम्प्युटर बंद करू नका’ असं ते पान इतकं पुन्हा पुन्हा का सांगतं, हेही आता कळेल. बंद करून चालू केला तर ते पान नाहीसं होईल, म्हणून.

पण त्यांना माझं शहर कसं कळलं?

काही पानांवर तुमचा आयपी ॲड्रेस, शहर आणि इंटरनेट कंपनीचं नाव ठळकपणे लिहिलेलं असतं. आयपी ॲड्रेस म्हणजे इंटरनेटवरचा तुमच्या कनेक्शनचा क्रमांक. तुम्ही उघडलेल्या प्रत्येक साइटला तो दिसतो, नाहीतर ती पान पाठवणार कुठे? त्या क्रमांकावरून शहर आणि कंपनी यांचा अंदाज बांधता येतो. हवामानाची साइट न विचारता तुमच्या भागातलं तापमान दाखवते तेव्हा आपण घाबरत नाही. ही माहिती तीच आहे. आणि अनेकदा शहर चुकीचंही निघतं.

पण पत्त्यात तर ‘विंडोज’ होतं

असू शकतं, आणि इथे जरा जाणकार माणसंही चकतात. मायक्रोसॉफ्ट ‘अझूर’ नावाने साइट ठेवायला जागा भाड्याने देतं. तिथे ठेवलेल्या पानांचा पत्ता ‘विंडोज डॉट नेट’ने संपू शकतो. भामटे नेमकी हीच जागा भाड्याने घेतात. पत्त्यातलं कुलपाचं चिन्हही काही सिद्ध करत नाही. तुमच्या आणि त्या साइटच्या मधली वाहतूक तिसऱ्याला वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पलीकडे साव आहे की चोर, हे ते चिन्ह सांगत नाही.

या पानापर्यंत तुम्ही पोचता ते बहुधा तीन वाटांनी. पत्ता टाइप करताना एखादं अक्षर चुकतं आणि त्या चुकलेल्या नावाची साइट कोणीतरी आधीच घेऊन ठेवलेली असते. किंवा एरवी सभ्य असलेल्या साइटवरची जाहिरात तुम्हाला तिकडे ढकलते, कारण जाहिराती त्या साइटकडून नाही तर मधल्या जाळ्यांकडून येतात. किंवा सर्च केल्यावर सगळ्यात वर दिसणारा ‘प्रायोजित’ निकाल. म्हणजे हे पान दिसलं याचा अर्थ तुम्ही काही वावगं बघत होतात असा नाही. भामटे मात्र तसं सुचवतात, कारण शरमलेला माणूस घरात कोणाला विचारत नाही.

खरा इशारा आणि खोटा इशारा: नंबर बघा

लोक सांगतात, स्पेलिंगच्या चुका बघा, लोगो नीट बघा. माझ्या मते हा सल्ला आता कालबाह्य झालाय. निर्दोष मजकूर लिहून घेणं आज कोणालाही जमतं, आणि लोगो तर नक्कल करायलाच असतो.

एक कसोटी मात्र टिकून आहे: इशाऱ्यात फोन नंबर आहे का? मायक्रोसॉफ्टने स्पष्ट म्हटलंय की त्यांच्या एरर आणि इशाऱ्यांच्या संदेशांत फोन नंबर कधीच नसतो. खरा अँटिव्हायरस काही सापडलं तर ते स्वतःच बाजूला काढतो आणि तसं कळवतो. ‘अमुक नंबरवर फोन करा’ असं तो सांगत नाही. स्क्रीनवर इशारा आणि त्यात नंबर, हे दोन्ही एकत्र दिसले की पुढचा विचार करायची गरज नाही.

‘पण माझ्या अँटिव्हायरसची मुदत खरंच संपत आली असेल तर?’ असेलही. अशा वेळी समोरचा निरोप बाजूला ठेवायचा, ब्राउझर पूर्ण बंद करायचा आणि तो प्रोग्रॅम स्वतः उघडून बघायचा. विंडोजमध्ये स्टार्ट मेनूत ‘विंडोज सिक्युरिटी’ असं लिहिलं की खरी स्थिती दिसते. काही असेल तर तिथे दिसेलच.

एक नवा प्रकार मात्र वेगळा आहे आणि त्यात नंबर नसतो, म्हणून स्वतंत्रपणे सांगतो. पान म्हणतं, ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा’ किंवा ‘बिघाड दुरुस्त करा’, आणि मग पायऱ्या देतं: विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. तुम्ही क्लिक केलंत तेव्हाच पानाने एक घातक आज्ञा तुमच्या नकळत कॉपी करून ठेवलेली असते. या तीन पायऱ्यांत तुम्हीच ती कॉम्प्युटरला देता. २०२४ पासून हा प्रकार ‘क्लिकफिक्स’ या नावाने बोकाळलाय. काचेतून आत येता येत नाही, म्हणून तुमच्याच हातून दार उघडून घेण्याचा हा डाव आहे. कुठलीही खरी साइट माणूसपण तपासण्यासाठी असलं काही करायला लावत नाही.

ते पान घालवायचं कसं?

आधी आवाज बंद करा. भोंगा थांबला की अर्धी घाई ओसरते, आणि ती घाई हेच त्यांचं भांडवल असतं. पानावरचं कुठलंही बटण दाबू नका, ‘रद्द करा’ किंवा ‘नाही’ सुद्धा नाही.

मग डाव्या कोपऱ्यातलं एस्केप बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा. नुसतं टिचकी मारून भागत नाही, कारण काही पानं ते अडवतात. पण धरून ठेवलं की ब्राउझर पूर्ण स्क्रीनमधून बाहेर येतो. आता खरी फुली दिसेल. तरीही बंद होत नसेल तर विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’ करा. मॅकवर ऑप्शन, कमांड आणि एस्केप एकत्र दाबलं की प्रोग्रॅम सक्तीने बंद करायची यादी येते. हे काहीच आठवलं नाही तर पॉवरचं बटण कॉम्प्युटर बंद होईपर्यंत दाबून धरा. न साठवलेलं काम जाईल, बाकी काही जाणार नाही.

पुन्हा उघडल्यावर ब्राउझर विचारतो, ‘मागची पानं परत उघडू का?’ नाही म्हणा, नाहीतर तेच पान पुन्हा हजर. मॅकवर सफारी उघडताना शिफ्ट दाबून धरलं तर जुन्या खिडक्या उघडत नाहीत. मोबाइलवर ॲप वर सरकवून बंद करा. तेच पान परत येत असेल तर सेटिंगमधून ब्राउझिंगचा इतिहास आणि डेटा पुसा.

एवढं केलं, फोन केला नाही, काही डाउनलोड केलं नाही, तर विषय संपला. समाधानासाठी स्वतःच्या अँटिव्हायरसने एकदा स्कॅन करायला हरकत नाही. पासवर्ड बदलण्याची, कॉम्प्युटर फॉरमॅट करण्याची गरज नसते.

ब्राउझर बंद असतानाही कोपऱ्यात इशारे येतात, त्याचं काय?

ही तक्रार फार ऐकू येते. उजव्या कोपऱ्यात छोट्या चौकटी, दर काही मिनिटांनी: ‘५ व्हायरस सापडले’. याचं मूळ बहुतेक वेळा एका जुन्या क्लिकमध्ये असतं. कुठल्यातरी साइटने ‘व्हिडिओ बघण्यासाठी अलाउ दाबा’ म्हटलेलं असतं आणि आपण ते दाबून मोकळे होतो. ती परवानगी होती नोटिफिकेशन पाठवण्याची. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ‘साइट सेटिंग्ज’, त्यात ‘नोटिफिकेशन्स’ उघडा. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. अनोळखी नावं काढून टाका. चौकटी तिथल्या तिथे थांबतात.

फोन केला तर पलीकडे नेमकं काय होतं?

हा भाग मी जरा सविस्तर सांगणार आहे. बहुतेक इशारावजा निरोप ‘फोन करू नका’ म्हणून थांबतात आणि पुढचं नाटक झाकलेलंच राहतं. ते एकदा पाहून ठेवलं की मध्यावरही ओळखता येतं.

पलीकडचा माणूस सौम्य बोलतो. स्वतःचं नाव, ‘एम्प्लॉयी आयडी’ आणि तक्रार क्रमांक देतो. मग तो रिमोट ॲक्सेस मागतो, म्हणजे त्याच्या जागेवरून तुमचा माऊस आणि कीबोर्ड चालवण्याची मुभा. त्यासाठी एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर असं काहीतरी उतरवायला सांगतो, किंवा विंडोजमध्ये आधीपासून असलेलं क्विक असिस्ट उघडायला लावतो. ही सॉफ्टवेअर खोटी नाहीत. ऑफिसांतली आयटीची माणसं तीच वापरतात. म्हणूनच अँटिव्हायरसही तक्रार करत नाही.

आता ‘तपासणी’. तो इव्हेंट व्ह्यूअर नावाची खिडकी उघडतो. तिथे लाल आणि पिवळ्या खुणांच्या शेकडो नोंदी दिसतात. ‘बघा, हे सगळे व्हायरस.’ प्रत्यक्षात ती विंडोजची रोजनिशी असते. एखादा प्रोग्रॅम उशिरा सुरू झाला, प्रिंटर सापडला नाही, असल्या बारीकसारीक नोंदी तिथे होत राहतात. नव्या कोऱ्या, निरोगी कॉम्प्युटरमध्येही त्या असतात. मग कॉम्प्युटरला लेखी आज्ञा द्यायची जी काळी खिडकी असते, तिच्यात तो ‘नेटस्टॅट’ टाइप करतो. इंटरनेटवरच्या पत्त्यांची यादी येते आणि त्यावर शीर्षक असतं ‘फॉरेन ॲड्रेस’. ‘हे परदेशी हॅकर, आत्ता तुमच्या कॉम्प्युटरला जोडलेले आहेत.’ तिथे फॉरेन म्हणजे परदेशी नाही, जोडणीच्या पलीकडचा. तुम्ही उघडलेल्या साइट्स आणि चालू असलेले प्रोग्रॅम ज्यांच्याशी बोलतात त्यांचे ते पत्ते. ‘ट्री’ ही आज्ञा दिली की फोल्डरांची नावं धबधब्यासारखी वाहू लागतात. ती वाहत असताना तो गुपचूप ‘व्हायरस फाउंड’ असं टाइप करून ठेवतो, आणि यादी संपताच शेवटी ते शब्द उमटतात, जणू कॉम्प्युटरनेच निदान दिलं.

सगळ्यांत नामी आहे तो ‘लायसन्स आयडी’. तो म्हणतो, ‘मी खरंच मायक्रोसॉफ्टचा आहे याचा पुरावा देतो. तुमच्या कॉम्प्युटरचा गुप्त क्रमांक मला माहीत आहे, लिहून घ्या.’ आणि ८८८डीसीए६० पासून सुरू होणारा एक लांबलचक क्रमांक वाचून दाखवतो. मग तुम्हाला काळ्या खिडकीत ‘असॉक’ हा शब्द टाइप करायला सांगतो. यादीच्या तळाशी तोच क्रमांक, अक्षर न् अक्षर जुळणारा! माणूस गार पडतो. तो क्रमांक विंडोजच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर तोच असतो. फाइलवर उजवं क्लिक करून ती झिप फोल्डरमध्ये पाठवायची जी सोय आहे, तिची ती अंतर्गत ओळख आहे. लायसन्सशी त्याचा काडीचा संबंध नाही.

निदान झालं की बिल. काही भामट्यांचं समाधान ‘आजीवन सुरक्षा योजने’च्या पैशांवर होतं. पण मोठी रक्कम जाते ती बहुधा पुढच्या अंकात. काही आठवड्यांनी फोन येतो: ‘आमची कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचे आहेत.’ पुन्हा रिमोट ॲक्सेस, आणि तुम्हाला बँकेच्या साइटवर लॉगिन करायला लावतात. मग अचानक आरडाओरडा: ‘चुकून दोनशेऐवजी वीस हजार गेले, माझी नोकरी जाईल!’ तुमच्या खात्यात वाढलेली रक्कम दिसते. ब्राउझरमध्ये वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी एक सोय असते, तिने समोरच्या पानावरचा कुठलाही आकडा फक्त तुमच्या स्क्रीनपुरता बदलता येतो. किंवा तुमच्याच एका खात्यातले पैसे दुसऱ्या खात्यात वळवलेले असतात. ‘जास्तीचे’ पैसे परत करायचे असतात ते गिफ्ट कार्डांचे नंबर फोनवर वाचून, क्रिप्टोने किंवा रोख पाठवून, म्हणजे अशा वाटांनी जिथून काही परत येत नाही. खरं काय ते पाहायचं असेल तर शिल्लक दुसऱ्याच फोनवरून किंवा एटीएममध्ये बघावी. आकडा बदललेला असेल तर पान रिफ्रेश केल्यावरही तो मूळ पदावर येतो, पण तोवर ते स्क्रीनच काळा करून टाकतात.

२०२३ मध्ये एफबीआयने याच नाटकाच्या तीन अंकांच्या आवृत्तीविषयी इशारा दिला आणि तिला ‘फँटम हॅकर’ म्हटलं. आधी तंत्रज्ञ, मग बँकेचा अधिकारी, मग सरकारी अधिकारी, तिघेही एकमेकांची साक्ष काढतात आणि पैसे ‘सुरक्षित खात्यात’ हलवायला सांगतात. कुठलीही बँक आणि कुठलंही सरकार तुमचे पैसे वाचवण्यासाठी ते दुसऱ्याच्या खात्यात टाकायला सांगत नाही.

हे फक्त वयस्कर माणसांचं होतं ना?

रकमांचा मोठा वाटा साठीपुढच्यांचा आहे, कारण आयुष्यभराची साठवण त्यांच्याकडे असते. पण जाळ्यात सापडणारे तेवढेच नाहीत. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये १६ देशांत पाहणी केली. पाचांतल्या तिघांशी या फसवणुकीची गाठ पडली होती. ज्यांच्याशी गाठ पडली त्या तरुणांपैकी, म्हणजे १८ ते ३७ वयाच्या लोकांपैकी, दहातल्या एकाने पैसे गमावले होते. आपल्याला कॉम्प्युटरमधलं कळतं असा ज्याला भरवसा असतो तो अनोळखी लिंकवर बिनधास्त क्लिक करतो, हे एक कारण असावं.

‘नामांकित कंपनीकडे गेलं की प्रश्नच नाही’ हेही तितकंसं खरं नाही. अमेरिकेतल्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी यंत्रणेने २०१९ मध्ये ऑफिस डेपो ही दुकानांची साखळी आणि तिला सॉफ्टवेअर पुरवणारी सपोर्ट डॉट कॉम यांच्याकडून तडजोडीत ३.५ कोटी डॉलर वसूल केले. आरोप असा होता: फुकट तपासणीआधी ग्राहकाला चार प्रश्न विचारले जात. कॉम्प्युटर मंद झालाय का, व्हायरसचे इशारे येतात का, वगैरे. एका जरी चौकटीत खूण केली की सॉफ्टवेअर ‘मालवेअरची’, म्हणजे व्हायरससारख्या घातक प्रोग्रॅमची, ‘लक्षणं’ दाखवायचं. स्कॅनचा आणि त्या निकालाचा संबंधच नव्हता.

पोलीस काही करत नाहीत असंही नाही. मायक्रोसॉफ्टच्या तक्रारींनंतर २०१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिल्ली, गुरुग्राम आणि नोएडात दोन डझनांहून अधिक कॉल सेंटरवर छापे पडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यातल्या काही प्रकरणांत मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन तक्रारदार होते. ब्राउझरवालेही हात बांधून बसलेले नाहीत. एजमध्ये अशी पानं ओळखून पूर्ण स्क्रीनमधून बाहेर काढणारा ‘स्केअरवेअर ब्लॉकर’ आलाय आणि क्रोमने २०२५ मध्ये त्याच कामाला यंत्रातच चालणारं एआय लावलंय. पण एक पान पकडलं जाईपर्यंत दुसरं उभं राहतं. ते बनवायला फार काही लागत नाही.

फोन करून झालाय. आता?

नुसतं बोलणं झालं असेल तर फोन ठेवा आणि नंबर ब्लॉक करा. तुम्ही फोन उचलणारे आहात हे त्यांना कळलंय, म्हणून काही दिवस अनोळखी फोन वाढतील. त्यांच्याशी वाद घालत बसू नका.

रिमोट ॲक्सेस दिला असेल तर क्रम महत्त्वाचा. सगळ्यात आधी इंटरनेट तोडा: वायफाय बंद करा, केबल काढा, किंवा राउटरच बंद करा. मग बँकेला फोन करा, आणि नंबर कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा घ्या. सर्च करून घेऊ नका, कारण खोटे हेल्पलाइन नंबर जाहिराती देऊन वरच्या निकालांत आणले जातात. कार्ड आणि नेटबँकिंग तात्पुरतं थांबवायला सांगा. त्यानंतर दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदला. सुरुवात ईमेलपासून, कारण बाकी सगळ्या खात्यांचे ‘पासवर्ड विसरलो’चे निरोप तिथेच येतात. त्याच कॉम्प्युटरवरून बदलू नका, पलीकडचा अजून बघत असू शकतो.

कॉम्प्युटरवरून रिमोटचं सॉफ्टवेअर काढून टाका. पण अशी सॉफ्टवेअर न विचारता पुन्हा जोडता येईल अशी बसवता येतात, आणि एकाऐवजी दोन-तीन टाकलेली असतात. म्हणून तो माणूस बराच वेळ आत होता असं असेल, तर महत्त्वाच्या फाइलींची प्रत काढून विंडोज नव्याने बसवणं उत्तम. कटकटीचं काम आहे, पण शंका उरत नाही.

गिफ्ट कार्डांचे नंबर वाचून दाखवले असतील तर ते कार्ड काढणाऱ्या कंपनीला लगेच कळवा आणि कार्ड व पावती जपून ठेवा. रक्कम खर्च झालेली नसेल तर कधीकधी गोठवता येते. सायबर गुन्ह्याची तक्रार त्याच दिवशी करा. भारतात १९३० हा क्रमांक त्यासाठी आहे, अमेरिकेत आयसी३. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत असतो, तो मध्ये कुठे अडवायचा तर हातात तास असतात, आठवडे नाहीत. तक्रारीसाठी त्या पानाचा मोबाइलने काढलेला फोटो, फोन नंबर, वेळ आणि व्यवहाराचे क्रमांक जमवा.

घरात दुसऱ्या कोणाच्या बाबतीत हे घडलं असेल तर ‘तुला कळत कसं नाही’ हे वाक्य गिळून टाका. ते ऐकावं लागेल या भीतीनेच लोक दोन दिवस लपवतात, आणि तोवर पैसा हाताबाहेर गेलेला असतो.

आणखी एक फोन येण्याची शक्यता धरून चला. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. काही दिवसांनी कोणी वकील, ‘सायबर तज्ज्ञ’ किंवा तपास अधिकारी म्हणून बोलेल, तुमची बुडालेली रक्कम आकड्यासह सांगेल आणि ती मिळवून देण्यासाठी आधी थोडी फी किंवा कर भरायला सांगेल. रक्कम त्याला माहीत असते, कारण ती त्यांच्याच यादीत लिहिलेली असते. फी भरू नका, आणि तो नंबर तुमच्या आधीच्या तक्रारीला जोडून टाका.